पडक्या खोलीचा स्टुडिओ: आधी ओल, मग आवाज

अंगणातली पडीक खोली स्टुडिओसाठी घेताना फोम आणायची घाई करू नका. आधी ओल बघा. फरशीवर मीटरभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून येतेय. ती थांबवल्याशिवाय आत लाकूड नेऊच नका, बुरशी धरणारच.

आवाज अडवतं ते वजन आणि हवाबंदपणा. जुन्या भिंतीपासून २५ मिमी अंतर सोडून वेगळी चौकट उभारा, त्यात १०० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची दाट लोकर) भरा आणि वर १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर चढवा. दोन्ही थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. कडेच्या फटी अकूस्टिक सीलंटने, म्हणजे वाळून कडक न होणाऱ्या, आवाज अडवणाऱ्या लुकणाने भरा. एखादा लांब स्क्रू जुन्या भिंतीत घुसला, तरी कंपनं त्यातून बाहेर जातात. दाराखालची बोटभर फट तर सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा घुमारा खातो. बास, म्हणजे खालच्या पट्टीचा जड आवाज, कोपऱ्यांत साठतो. तिथे १५० मिमी जाडीचे रॉकवूल पॅनेल हवेत. आणि हवा खेळती ठेवणारा, वळणं घेतलेला, आतून अस्तर लावलेला मार्ग चौकट उभारतानाच ठेवा; नंतर भिंत फोडावी लागते.