प्लेटलेटच्या आकड्यापलीकडचा डेंग्यू

पावसाळा सरत आला की नात्यातले, सोसायटीतले फोन सुरू होतात. "डेंग्यू पॉझिटिव्ह आलाय, प्लेटलेट ऐंशी हजारांवर आल्यात, पपईच्या पानांचा रस देऊ का?" मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत डेंग्यूच्या विषाणूवर काम करते, तेही काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर. उपचार डॉक्टरांनीच सांगायचे. पण प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या प्रत्येक घराला मला एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: या आजारात बहुतेकदा घात होतो तो रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यामुळे. आणि हे झिरपणं मोजणं हेच माझं काम आहे.

आधी विषाणू वाढवावा लागतो. त्यासाठी जगभर सी६/३६ नावाच्या डासाच्या पेशी वापरतात. त्यांचं मूळ आपल्या पुण्यात आहे. आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं नाव तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं. तिथे डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून सतत वाढत राहणाऱ्या पेशी मिळवल्या आणि १९६७ साली ते काम प्रसिद्ध केलं. १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी त्यांतूनच डेंग्यू आणि चिकुनगुनिया जोमाने वाढू देणारा क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला वाण, वेगळा काढला; तोच सी६/३६. फ्लास्कवर सी६/३६ लिहिताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

या पेशी २८ अंशांवर वाढतात. विषाणू त्यांच्यात भरभरून तयार होतो आणि तरी बऱ्याचदा त्या मरत नाहीत. तोच विषाणू व्हेरो पेशींवर टाकला की चित्र पालटतं. व्हेरो म्हणजे आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी, १९६२ पासून प्रयोगशाळांत वापरात असलेल्या. संसर्गानंतर वर दाट जेलीसारखा थर ओतायचा, म्हणजे विषाणू शेजारच्या पेशीपलीकडे पसरत नाही. पाच-सात दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की जांभळ्या थरात पेशी मेलेल्या जागा गोल, रिकाम्या दिसतात. त्या मोजून मूळ द्रवात संसर्ग करणारे विषाणू किती होते ते काढतो.

ही प्लेट पाहून कुणालाही वाटेल, की विषाणू माणसाच्या रक्तवाहिन्याही अशाच कुरतडत असणार. पण व्हेरो पेशींना संसर्गाची हाक देणारं इंटरफेरॉन तयारच करता येत नाही. त्यांच्यावरून माणसाच्या शरीराचा अंदाज बांधायचा तो जपूनच. शिवाय रुग्णांमध्ये हे झिरपणं साधारण २४ ते ४८ तास चालतं आणि मग थांबतं. पेशी मरून वाहिनीला भोकं पडली असती, तर ती इतक्या लवकर बुजली नसती. भिंत शाबूत राहते, पेशींमधले सांधे तेवढे सैल होतात.

ते सैल कोण करतं? बराचसा दोष एनएस१ या प्रथिनाकडे जातो. विषाणूच्या आरएनएपासून दहा प्रथिनं बनतात, त्यांतलं हे एक. संसर्ग झालेली पेशी ते रक्तात सोडते. पहिल्या दिवसांत जी 'एनएस१ अँटिजेन' चाचणी करतात, ती याच प्रथिनाची.

आमच्याकडे माणसाच्या फुफ्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवतात. त्यांचा थर घट्ट जमला, की दोन टोकांचा इलेक्ट्रोड घेऊन एक टोक थराच्या वर, एक खाली धरायचं आणि विद्युतरोध मोजायचा. थर घट्ट तर ओहम जास्त. प्लेट इनक्युबेटरमधून काढल्या काढल्या वाचन घ्यायचं नाही, तापमान उतरेपर्यंत आकडा हलत राहतो. टोक थराला घासलं तर ती विहीर, म्हणजे प्लेटमधला तो खळगा, बाद. मग वरून नुसतं एनएस१ घालायचं, विषाणूचा एक कणही नाही. काही तासांत रोध खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सावरतो. शेजारच्या विहिरीत उकळून निकामी केलेलं एनएस१ असतं, तिथे आकडा जागचा हलत नाही.

एकट्या एनएस१चा हा परिणाम २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवला. पुढच्या वर्षी कारणही बरंच उलगडलं: या पेशींवर, रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूने, साखरेच्या रेणूंचं अस्तर असतं, एनएस१मुळे पेशींचीच विकरं जागी होऊन ते अस्तर तोडतात. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचं एनएस१ मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी सैल करतं, फुफ्फुसाच्या नाही. कोणता आजार कोणत्या अवयवाला धरतो, याचा एक धागा इथे हाती लागतो.

म्हणून फोनवर मी विचारते, "ताप कधी उतरला? हिमॅटोक्रिट किती आहे?" ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण झिरपण्याचा काळ नेमका त्याच सुमारास येतो. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बाहेर गेला की रक्त दाट होतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, चढतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल पडणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा उपयोग होत नाही, हे सिंगापूर-मलेशियातल्या चाचणीत २०१७ मध्ये दिसलं आहे. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन मात्र घरच्या घरी अजिबात देऊ नका.

सध्या माझ्या प्लेटवर एनएस१सोबत त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. डेंग्यूत विषाणूच्या कवचाविरुद्धच्या अर्धवट अँटिबॉडी पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारच्या विषाणूलाच पेशीत शिरायला मदत करू शकतात, लशीतली मोठी अडचण तीच. एनएस१ विषाणूच्या कवचावर नसतंच, त्यामुळे त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडींकडून ही मदत व्हायला नको. उंदरांमध्ये एनएस१ची लस २०१५ मध्येच उपयोगी ठरली होती. आम्ही सध्या डेंग्यूच्या विषाणूच्या चारही प्रकारांचं एनएस१ शेजारशेजारच्या विहिरींत घालून बघतोय, एकच अँटिबॉडी चौघांनाही रोखते का.