किती वाजता पोचशील?

जून ते सप्टेंबर आमच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही, असं ठरलंय. मी कराडला नोकरी करते, माहेर चिपळूणच्या अलीकडे एका वाडीत. महिन्यातून दोनदा तरी पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरते. पूर्वी निघताना सांगून टाकायचे, "सातपर्यंत येते." मग साडेसहाला आईचा फोन, पावणेसातला भावाचा. आणि ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप जड व्हायचा. पावसात गाडी घसरण्याआधी माणूस घाईला लागलेला असतो, हे माझं पक्कं मत आहे.

गाडी मला अण्णांनी शिकवली. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा पहिला धडा: ज्या गियरवर घाट चढतेस, त्याच गियरवर उतर. सबंध उतारभर ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा धरत नाहीत. सेकंडवर टाकली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकला फक्त वळणापुरतं काम उरतं.

हेळवाक सोडलं की बऱ्याचदा धुकं लागतं. तिथे हाय बीम टाकला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून लाइट खालीच ठेवायचा आणि डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चालायचं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, लावू नका. तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळतच नाही. काच आतून धुरकट झाली तर हाताने पुसत बसू नका. एसी काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या, थोड्याच वेळात काच साफ होते.

टायरचं मात्र मेमध्येच बघावं लागतं. खाचेत बोट घालून पाहिलं तर तळाशी रबराचा एक छोटा आडवा उंचवटा लागतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला, म्हणजे नक्षी 1.6 मिलिमीटरच उरली. कायद्याची मर्यादा तीच, पण मी तिथवर थांबत नाही. चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं काम या खाचा करतात. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तो हलकेपणा मी एकदा अनुभवलाय, पाटणच्या अलीकडे. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि चाकं पुन्हा रस्ता पकडेपर्यंत थांबायचं.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसटी गाड्या पुरात वाहून गेल्या. निवृत्त झालेले अण्णा दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून वाहत्या पाण्याबद्दल ते फार कमी शब्दांत बोलतात.

गेल्या जुलैत आमच्या वाडीच्या फरशीवर, म्हणजे वाटेतल्या ठेंगण्या काँक्रीटच्या पुलावर, पाणी आलं होतं. लाल, गढूळ, वर सागाची पानं. कडेचे पांढरे दगड रोज सहा दिसतात, त्या दिवशी दोनच दिसत होते. घर पलीकडे हाकेच्या अंतरावर, दिवासुद्धा दिसत होता. मागून एक जीपवाला हॉर्न देत होता, "जाते ओ ताई, घाला!" फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलायला पुरतं, आणि खाली फरशी शाबूत आहे की खचली, ते वरून कुणालाच दिसत नाही. मी गाडी कडेला घेतली आणि त्याला खाली उतरून ते दगड दाखवले. तोही थांबला. दीड तासाने चौथा दगड उघडा पडला, मग पाचवा, सहावा, आणि फरशीचा काँक्रीट दिसायला लागला. तेव्हा फर्स्टवर, सावकाश, पलीकडे गेले. ओले ब्रेक हलकेच दोनदा दाबून सुकवले.

अण्णा पडवीत बसले होते.

"फरशीवर पाणी होतं?"

"होतं."

"मग?"

"थांबले."

त्यांनी खुंटीवरचा पंचा काढून माझ्या हातात दिला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.