हायड्रोमीटर १.०२२ च्या खाली उतरेचना

एक्स्ट्रॅक्टची (म्हणजे मोड आणलेल्या धान्यातून काढलेल्या साखरेच्या तयार पाकाची) बिअर घरी करायची तर त्यात सगळ्यात सोपं काम ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजायचं, असं मला वाटायचं. नळीत वर्ट (आंबण्याआधीचं गोड पाणी) घ्यायचं, हायड्रोमीटर (आत आकड्यांची पट्टी असलेली, तरंगणारी काचेची नळी) सोडायचा, आकडा वाचायचा, झालं. चौथ्या बॅचला मात्र या एका आकड्याने मला जवळजवळ तीन आठवडे झुलवत ठेवलं, आणि शेवटी कळलं की बिअर पहिल्यापासून ठणठणीत होती, चुकत होतं ते माझं मोजणं. तेही एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी.

रेसिपी साधी पेल एलची. ३ किलो लिक्विड माल्ट एक्स्ट्रॅक्ट, १९ लिटरची बॅच, ओजी (आंबण्याआधीची ग्रॅव्हिटी) १.०४७ यायला हवी होती. माझ्याकडचं उकळायचं भांडं लहान आहे, म्हणून सगळं एक्स्ट्रॅक्ट नऊ-दहा लिटर पाण्यातच विरघळवलं, हॉप्स घालून तासभर उकळलं, गार केलं, फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओतलं आणि वरून आधीच उकळून ठेवलेलं पाणी घालून १९ च्या खुणेपर्यंत आणलं. लांब चमच्याने चार-पाच वेळा ढवळलं आणि वरूनच सॅम्पल काढलं. हायड्रोमीटर म्हणाला १.०३१.

सोळा पॉइंट कमी (एक पॉइंट म्हणजे ०.००१)! मला वाटलं एक्स्ट्रॅक्टचा डबाच खराब निघाला किंवा भांड्याच्या तळाला बरंच चिकटून राहिलं, भांडं परत उघडून बघितलं तर ते स्वच्छ होतं, तरी डोक्यात काही शिरेना. घरात यीस्ट स्टार्टरसाठी ठेवलेलं अर्धा किलो डीएमई (कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट) होतं, मग फर्मेंटरमधलंच थोडं वर्ट काढून त्यात ते उकळलं, गार करून परत ओतलं, पुन्हा तसंच वरवर ढवळलं आणि मोजलं तर १.०४४ आलं. म्हटलं चला, जमलं. यीस्ट टाकलं, झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी एवढा फेस आला की एअरलॉकमधून (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर यायला लागला. तिथेच मला थांबून विचार करायला हवा होता, कारण आधीच्या तीन बॅचना हेच यीस्ट वापरलं होतं आणि तेव्हा याच्या निम्माही फेस नव्हता. पण मी फडक्याने पुसलं, एअरलॉक बदलला आणि पुढे गेले.

सातव्या दिवशी १.०२४, दहाव्या दिवशी १.०२२, बाराव्या दिवशीही १.०२२.

मला १.०१२ च्या आसपास अपेक्षित होतं. एक्स्ट्रॅक्टवाल्यांची बिअर १.०२० ला अडकते हे ऐकून होते, पण स्वतःवर वेळ आली की झोप उडते, कारण अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली तर राहिलेली साखर यीस्ट बाटलीतच खातं आणि गॅसला जायला जागा नसते. साधारण दोन ग्रॅव्हिटी पॉइंट आंबले की एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाएवढा) कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणजे चार-पाच पॉइंट जरी नंतर उतरले तरी नेहमीच्या कार्बोनेशनच्या जवळपास दुप्पट प्रेशर, आणि काचेच्या बाटल्या फुटतात त्या अशाच. म्हणून भरायचं धाडस होईना. फर्मेंटर जरा उबदार जागी नेला, १८ वरून २१ डिग्रीला आणला, तळाचं यीस्ट उठावं म्हणून अलगद गोल फिरवला, तीन दिवस थांबले, आणि आकडा जागचा हलला नाही.

मग एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) मागून आणला. दोन थेंब टाकले, ८ ब्रिक्स (वजनाने साखरेचे टक्के). तक्त्यात बघितलं तर ८ ब्रिक्स म्हणजे १.०३२! हायड्रोमीटर १.०२२ म्हणतोय, हा १.०३२ म्हणतोय, आणि बिअर तर एकच. त्या संध्याकाळी मी अक्षरशः यीस्टचं दुसरं पाकीट कापायला कात्री हातात घेतली होती.

ते कापलं नाही याचं कारण सॅम्पल चाखून बघितलं. गोड नव्हतं. हॉप्सचा कडवटपणा व्यवस्थित लागत होता आणि घशात चांगली ऊब उतरली. माझ्या आकड्यांप्रमाणे १.०४४ वरून १.०२२, म्हणजे २२ पॉइंट, १३१.२५ ने गुणून हजाराने भागलं की जेमतेम २.९ टक्के अल्कोहोल. ही बिअर २.९ टक्क्यांची नव्हती, कोणीही चाखून सांगितलं असतं. जीभ आणि आकडा जुळेनात, तेव्हा कुठे मी कागद-पेन घेऊन बसले.

आणि इथेच मला ती गोष्ट कळली जी मी आता प्रत्येक नव्या माणसाला आधी सांगते. एक्स्ट्रॅक्टच्या बॅचमध्ये ओजी मोजण्याआधी ती हिशोबाने काढायची. धान्यापासून बिअर करणाऱ्याला किती साखर उतरली हे मोजूनच कळतं, पण एक्स्ट्रॅक्टमध्ये ते काम कारखान्यात झालेलं असतं, डब्यातली साखर फर्मेंटरमध्ये गेली की गेली, मध्ये कुठे गळत नाही. एक किलो लिक्विड एक्स्ट्रॅक्टचे साधारण ३०० पॉइंट धरायचे, डीएमईचे ३६५ च्या आसपास, आणि एकूण बेरजेला लिटरने भागायचं. माझे ३ किलो म्हणजे ९०० पॉइंट, भागिले १९, ४७. म्हणजे १.०४७, रेसिपीत होतं तेच. उलटं करून बघितलं, १.०३१ खरंच यायला किती लिटर हवं? ९०० भागिले ३१, म्हणजे २९ लिटर. माझा फर्मेंटरच २५ लिटरचा आहे.

म्हणजे कमी ग्रॅव्हिटी कधी नव्हतीच. घट्ट, गोड वर्ट जड असतं, ते तळाशी बसतं आणि वरून घातलेलं पाणी वरच तरंगतं, चार-पाच वेळा चमचा फिरवून ते मिसळत नाही. मी वरचा पातळ थर मोजला होता. आणि त्यावर विश्वास ठेवून अर्धा किलो डीएमई जास्तीचं घातलं, त्याचे १८२ पॉइंट, एकूण १०८२, भागिले १९. खरी ओजी १.०५७ च्या आसपास. तो फेस का उसळला होता ते आत्ता लक्षात आलं.

रिफ्रॅक्टोमीटरचं कोडंही यातूनच सुटलं. आंबल्यावर सॅम्पलमध्ये अल्कोहोल असतं, ते प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर फुगवून आकडा दाखवतो. सुरुवातीच्या ब्रिक्ससकट सूत्रात घालून तो दुरुस्त करावा लागतो, नुसता तक्त्यात बघायचा नसतो. १.०५७ म्हणजे साधारण १४ ब्रिक्स, आत्ता ८, कॅल्क्युलेटरमध्ये घातलं तर उत्तर १.०१६.

आता प्रश्न उरला की हायड्रोमीटर १.०२२ का म्हणतोय. डिस्टिल्ड वॉटर २० डिग्रीला आणून (माझा हायड्रोमीटर २० डिग्रीला कॅलिब्रेट केलेला आहे, काही १५.५ चे असतात, ते पट्टीवरच छापलेलं असतं) त्यात सोडला. १.०००ची रेघ पाण्याच्या वर उभी आणि पाणी टेकलंय १.००४ ला. दोनदा पुसून परत सोडला, तेच. मग १०० ग्रॅम साखर ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवली, वजन करून, कारण वजनाने १० टक्क्यांचं द्रावण म्हणजे बरोबर १.०४०. तिथे १.०४४ आलं. दोन्हीकडे चारच पॉइंट जास्त. दिव्यासमोर धरला तेव्हा दिसलं, आतली कागदाची पट्टी ज्या डिंकाच्या ठिपक्याने चिकटवलेली असते तो सुटला होता आणि कागद दोन-तीन मिलीमीटर वर सरकला होता. डबी कधीतरी हातातून पडलेली, तेव्हाच झालं असणार. वर्टच्या दिवशीचं सॅम्पल ३१ डिग्रीला होतं, त्यासाठी तीन पॉइंट मिळवायला हवे होते, म्हणजे त्या दिवशी दोन चुकांनी एकमेकींना जवळजवळ झाकून टाकलं.

चार पॉइंट वजा केले तरी १.०१८, दोन उरलेच. ते बुडबुड्यांचे निघाले. नळीकडे नीट, डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघत बसले तर हायड्रोमीटरच्या फुगीर भागाला बारीक बारीक बुडबुडे चिकटत होते आणि तो केसाएवढा वर वर सरकत होता, बोटाने गर्रकन फिरवला की खाली जायचा, परत बुडबुडे, परत वर. सॅम्पल एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात दहा-बारा वेळा ओतलं, फेस बसू दिला, तासाभराने मोजलं, १.०२०. वजा चार, १.०१६. रिफ्रॅक्टोमीटरशी बरोब्बर जुळलं, आणि मला जे बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

तरीही बाटल्यांच्या बाबतीत मी अंदाजावर जात नाही. पाव लिटर बिअर निर्जंतुक बरणीत घेतली, त्यात ताजं यीस्ट भरपूर टाकलं, झाकण सैल ठेवून उबदार जागी तीन दिवस ठेवलं, अधूनमधून हलवलं. त्यात आंबण्यासारखं काही उरलं असतं तर एवढ्या यीस्टने ते संपवलंच असतं. गॅस काढून मोजलं, पुन्हा १.०२०, म्हणजे खरं १.०१६. हे सॅम्पल अर्थातच फर्मेंटरमध्ये परत ओतायचं नाही.

१.०५७ वरून १.०१६ म्हणजे ७२ टक्के अटेन्युएशन (सुरुवातीच्या पॉइंटपैकी किती उतरले ते), एक्स्ट्रॅक्टसाठी अगदी नेहमीचं. मॅशचं (धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढायचं) तापमान कारखान्यात ठरलेलं असतं, किती साखर आंबणारी आणि किती न आंबणारी हे डबा उघडायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, आपण कितीही यीस्ट ओतलं तरी त्याच्या खाली जात नाही. बाटलीत हवा तेवढाच गॅस तयार व्हावा म्हणून ११० ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. ५.४ टक्क्यांची झाली, पेल एलपेक्षा जरा दणकट, पण एकही बाटली वाया गेली नाही.

पुढच्या बॅचला तोच हायड्रोमीटर वापरला, नळीवर मार्करने "वजा ४" लिहून. निर्जंतुक केलेल्या मोठ्या व्हिस्कने पाच मिनिटं घड्याळ लावून ढवळलं, यीस्टला लागणारी हवाही त्यातच मिसळते, सॅम्पल मधून काढलं, २० डिग्रीला येईपर्यंत थांबले आणि कागदावर हिशोब आधीच लिहून ठेवला होता, १.०४७. हायड्रोमीटरवर वाचलं, १.०५१.