तेरा नव्हे, सेहेचाळीस

नोकरीचं दुसरं वर्ष. खोल पाण्यातल्या एका माशाचं वय ठरवायचं काम माझ्याकडे होतं. माशाच्या कानात इवलासा चुनखडीचा दगड असतो, ओटोलिथ. त्यात वर्षागणिक वलयं पडतात. खवल्यांवरही पडतात, पण उपासमारीत मासा खवल्यातलं कॅल्शियम परत शोषून घेतो. कानातल्या दगडाला हात लावत नाही. म्हणून आमची भिस्त त्याच्यावर.

आम्ही तो अख्खा पाण्यात ठेवून वरूनच वलयं मोजायचो. काम भराभर होई. त्या सकाळी एका पाकिटावर मी १३ लिहिलं आणि पुढचं उघडायला घेतलं, तेवढ्यात आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "थांब जरा. हा इतका जाड कसा?"

त्यांनी दगड मधोमध मोडला, तुटलेली बाजू स्पिरिटच्या दिव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजली, वर तेलाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला.

सुरुवातीची वलयं रुंद होती. पुढची मात्र आतल्या बाजूला एकावर एक, कागदाच्या गठ्ठ्यासारखी दाटलेली. तीनदा मोजली. ४६, ४५, ४६. म्हातारपणी हा दगड लांबीला वाढत नाही, नुसता जाड होतो. वरून बघणाऱ्याला ती सगळी वर्षं दिसतच नाहीत.

माझ्या पोटात गोळा आला. या आकड्यावरूनच पुढे किती मासे पकडायचे ते ठरतं. पंधरा वर्षं जगणाऱ्या जातीत दरवर्षी बरेच मासे आपसूक मरतात आणि नवे लवकर जागा भरतात. पन्नास वर्षं जगणाऱ्या जातीत तेवढीच पकड केली तर साठा संपत जातो. ऑरेंज रफी हा खोल समुद्रातला मासा शंभरी ओलांडतो, हे सर्वमान्य होईपर्यंत १९८०च्या दशकात त्याची भरमसाट मासेमारी होऊन गेली होती.

"पण एक वलय म्हणजे एक वर्षच, हे कशावरून?" मी विचारलं. मॅडम खूश झाल्या. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी समुद्रात किरणोत्सारी कार्बन वाढला. त्या काळात जन्मलेल्या माशांच्या ओटोलिथच्या गाभ्यात त्याची खूण राहिली. त्यावरून जन्मवर्ष ताडून पाहता येतं. इतकं सुंदर काम मी तोवर ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी कपाटातून आदल्या वर्षाची पाकिटं काढली. सगळ्यांवर सही माझीच. पहिल्यावर ९ लिहिलेलं. दगड मोडला, भाजला, मोजला.

३१.