हँडल डावीकडे वळलं की जीपीएस बंद: चोर कोनसेटमध्ये (स्टीअरिंगच्या बेअरिंगमध्ये) होता

बुलेटच्या हँडलवरचं जीपीएस युनिट घाटात सारखं रीस्टार्ट होतं म्हणून गेल्या वेळी ते विकून टाकायच्या गोष्टी करत होतो. रद्द. ते बुलेटवरच राहतंय, कारण रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढउतारांवर, भर पावसात, दोन्ही फॉग लॅम्प लावून ते एकदाही रीस्टार्ट झालं नाही.

लक्षणं तुम्हाला पाठच असतील. सपाट रस्त्याला सगळं गोड. पाचल सोडून अणुस्कुरा घाट चढायला लागलो की डावं वळण आलं रे आलं, स्क्रीन काळी. मग लोगो, मग उपग्रहांची शोधाशोध, आणि तोवर पुढचं वळण हजर. आतली बॅटरी वयोमानाने गेलेली आहे, सेकंडहँड घेतानाच ते माहीत होतं. त्यामुळे बाइकचा सप्लाय क्षणभर जरी तुटला तरी युनिट मान टाकतं. पावसात हे सरळ रस्त्यावरही व्हायचं, आणि फॉग लावले की हमखास.

तुमच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की हेडस्टॉकपाशी, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत हँडल फिरतं तिथे, वायर आतून तुटली असणार. म्हणणं वाजवी होतं, हँडल वळताना ताण तिथेच येतो. पण मल्टिमीटर बीपवर (वायर सलग असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, बीप अखंड. सॉकेटवर व्होल्टेज १२.६. वायर दोन्ही परीक्षांत पास, आणि घाटात पुन्हा नापास.

मग युनिटचीच साक्ष काढली. प्रत्येक रीस्टार्टला ट्रॅक तुटून नवा तुकडा सुरू होतो. त्या ट्रॅकची जीपीएक्स फाइल नकाशावर टाकली, तर घाटातल्या सगळ्या फटी डाव्या वळणांवर. उजव्या वळणावर एकही नाही. म्हणजे दोष हँडल डावीकडे वळण्याशीच बांधलेला.

इथे मदतीला आले मिरकरवाडा बंदरातले एक वायरमन काका. ट्रॉलरवर जीपीएस आणि फिशफाइंडर बसवणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांच्याकडे मी खरं तर टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) तांब्याची वायर घ्यायला गेलो होतो, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर इन्सुलेशनच्या आतही हिरवी पडते. काकांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "अर्थ खंय दिलास?" म्हणजे परतीची, निगेटिव्ह वायर कुठे जोडलीस? मी म्हटलं, हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टला, दुकानदाराने बसवताना तिथेच दिलीय. काका हसले. "आमच्या बोटीला लोखंडी बॉडीच नाय, म्हणून दोन्ही वायरी बॅटरीपर्यंत नेतो. तू पण तसाच कर."

घरी येऊन गणित मांडलं. हँडलला दिलेली अर्थ फ्रेमपर्यंत पोचणार कशी? योकमधून (हँडल आणि फोर्क धरणाऱ्या पट्टीतून), कोनसेटच्या बॉलमधून, ग्रीसच्या थरामधून. म्हणजे माझ्या जीपीएसचा परतीचा करंट स्टीअरिंगच्या बेअरिंगमधून जात होता! बॉल रेसच्या (तो ज्या कडीत फिरतो तिच्या) ज्या जागेवर नीट टेकतो तिथे करंट वाहतो, जिथे ग्रीस आणि गंज मध्ये येतो तिथे तुटतो. माझ्या कोनसेटची ही तुटायची जागा डावीकडे आहे. कंपनीने स्वतःच्या हेडलाइटला हार्नेसमधून वेगळी अर्थ वायर दिलेली असते, ती उगाच नाही.

मग मीटर खोटं का बोलला? बीप वाजायला किंवा १२.६ दिसायला करंट नगण्य लागतो. तेवढा तर एखाद्या टोकाएवढ्या स्पर्शातूनही जातो. खरा लोड हवा. म्हणून इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब दोन वायरींवर सॉकेटच्या जागी लावला आणि हँडल हळूहळू डावीकडे नेलं. बल्ब मंदावला, फडफडला, विझला. उजवीकडे आणलं, लख्ख. मी तो प्रकार उगाचच पुन्हा पुन्हा केला, इतकं बरं वाटत होतं. मग बल्बची अर्थ बाजू एका लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. हँडल कसंही फिरवा, बल्ब जसाच्या तसा. उकललं.

फॉगचं कोडंही यातच सुटलं. त्यांची अर्थही त्याच बोल्टला होती. जीपीएस जेमतेम अर्धा अँपिअर ओढतो, फॉग त्याच्या कितीतरी पट. तेवढा करंट त्या अशक्त सांध्यातून जायला लागला की तिथेच व्होल्ट खर्च होतात आणि युनिटच्या वाट्याला उरतं ते पुरत नाही. शिवाय असा करंट बेअरिंगमधून अडला की क्लच केबलच्या लोखंडी कव्हरमधून वाट काढतो, तेही बरं नव्हे.

एक गंमत बघा. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, तिथून येणारा सिग्नल झाडीखालीही पकडला जातो. अडलं होतं ते दोन फूट परतीच्या वायरीवर.

आता जोडणी अशी. लाल आणि काळी दोन्ही टिन केलेल्या, एकाच स्लीव्हमधून, टाकीखालून बॅटरीपर्यंत. लालला बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज. मध्ये रिले (किल्लीच्या करंटवर चालणारा स्विच): त्याच्या ८५-८६ पिनांची कॉइल इग्निशनवर, ३०-८७ मधून सप्लाय, म्हणजे किल्ली काढली की युनिट बंद. वायरीच्या टोकांना लग (धातूची कडी) क्रिंप करून वर ग्लू असलेली हीट श्रिंक. हेडस्टॉकपाशी वायरीला सैल वळसा सोडलाय. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळणाऱ्यांना माझा नमस्कार, पहिल्या पावसाळ्यातच ती सुटते.

फॉगलाही बॅटरीपर्यंत वेगळी जोडी न्यायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं की फॉग हँडलवर हवेतच कशाला? लेगगार्डवर घेतले तर वायर स्टीअरिंगच्या वाटेलाच जाणार नाही. शिवाय उजेड खालून पडला की पावसाचं आणि धुक्याचं पांढरं पटल डोळ्यांसमोर कमी येतं. म्हणजे परवा आणलेली दीड एमएमची वायर तूर्त पिशवीतच.

युनिट हँडलवर धरणाऱ्या माउंटबद्दल थोडक्यात. एक इंची रबरी बॉल आणि आखूड आर्म, यावर मी ठाम आहे. लांब आर्म घेतला की सिंगल सिलिंडरच्या थरथरीने स्क्रीन वाचता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या क्लॅम्पमध्ये स्टेनलेसचा यू-बोल्ट असेल तर बसवतानाच आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर आपल्या हवेत पांढरी भुकटी धरून बोल्ट जाम होतो. आणि "फोन लाव की सरळ" म्हणणाऱ्यांसाठी: पावसाचे थेंब स्क्रीनवर बोटं मारतात, आणि मोटारसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो हे अ‍ॅपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलंय.

खरी चाचणी गणपतीपुळे, जयगड आणि तिथून फेरीबोटीने तवसाळ. सेटिंगमध्ये "फेरी टाळा" चालू राहिलं असेल तर युनिट तुम्हाला राई-भातगाव पुलाकडून फिरवतं, ते आधी बंद करा. घरी आल्यावर ट्रॅक उघडला: एकच अखंड रेघ, एकही फट नाही, आणि जयगडच्या खाडीवर ती पाण्यातून सरळ पलीकडे गेलेली. तिचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. तुम्ही तरी बघा.

आता कोनसेट उघडायचाय. रेसवर खड्डे निघाले तर फोटो टाकतोच. आणि बुलेटच्या लेगगार्डच्या पाइपला बसणारे फॉगचे क्लॅम्प कोणी वापरलेत का? पावडर कोटिंगवाले नकोत, स्टेनलेसच हवेत.