काचेत उरलेलं ९ मिली पाणी

मी काय काम करतो ते लोकांना समजावून सांगायला अवघड जातं म्हणून मी सरळ सांगतो की आम्ही वस्तू दाबून बघतो. जाड पोलादी टाकी, आत काठोकाठ पाणी, वर क्रेनने उचलावं लागणारं झाकण आणि बाजूला पंप. खोल समुद्रात जाणारं काहीही, कॅमेऱ्याचा डबा असो की बॅटरीचा, टाकीत सोडायचं, झाकण आवळायचं आणि ते जितकं खोल जाणार तितका दाब द्यायचा. १० मीटरला साधारण १ बार, एवढा हिशोब पुरतो. ४००० मीटर म्हणजे ४०० बार, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर ४०० किलो. बाकी काम कंटाळवाणं, गेजकडे बघत बसायचं आणि चहा प्यायचा.

टायटॅनिकचे अवशेष दाखवायला पर्यटक खाली नेणारी टायटन पाणबुडी २०२३ मध्ये दाबाने चेपून फुटली, आतले पाचही जण गेले. त्याला वर्ष होऊन गेलं होतं तेव्हा एक पार्टी आली, तीन तरुण इंजिनियर, त्यात एक मॅडम, आणि सोबत दोन माणसांनी उचलायची एक काळी नळी. कार्बन फायबरची, म्हणजे कार्बनचे बारीक धागे रेझिन नावाच्या चिकट राळेत भिजवून गुंडाळलेली, दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या टोप्या चिकटवलेल्या. मी बघितलं आणि काकांकडे बघितलं (काका म्हणजे आमचे पंपवाले, माझ्या आधीपासून इथे आहेत, मशीनचा आवाज ऐकून बोल्ट कुठला ढिला ते सांगतात), काका काहीच बोलले नाहीत, फक्त टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. नळी हे छोटं मॉडेल होतं, पुढे मोठी बांधायची, त्यात पर्यटक बसवून खाली न्यायचे असा प्लॅन. त्यांच्यातला मोठा मुलगा मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, आम्ही टायटन नाही, आमचं रेझिन वेगळं, गुंडाळायची पद्धत वेगळी. खरं सांगू का, मुलं हुशार होती. हेच तर वाईट वाटतं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण टायटनबद्दल लोकांच्या डोक्यात ती ज्याने चालवायचे तो गेम खेळायचा कंट्रोलरच बसलाय. त्या कंट्रोलरने काही कुणाला मारलं नाही. जुन्या खोल पाण्यातल्या पाणबुड्यांमध्ये माणसं बसतात तो भाग गोल असतो, पोलादाचा नाहीतर टायटॅनियमचा, कारण गोळ्याच्या भिंतीत दाबाचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. १९६४ पासून चालणाऱ्या अल्विन या अमेरिकन पाणबुडीमध्ये तसाच गोळा आहे. पण गोळ्यात दोन-तीनच माणसं मावतात, आणि तिकीट विकायचं तर सीटा जास्त पाहिजेत, म्हणून नळकांडं. मोठं नळकांडं टायटॅनियमचं केलं तर भलतं जड, म्हणून कार्बन फायबर. म्हणजे सगळं सीटांच्या हिशोबातून सुरू होतं बघा. टायटनमध्ये पाच माणसं बसायची आणि एका सीटचे अडीच लाख डॉलर.

आता कार्बन फायबर ओढायला जबरदस्त, दोरीसारखं. पण दोरी ढकलून बघा. बाहेरून दाब आला की धाग्यांना जागेवर धरून ठेवायचं काम रेझिनचं, आणि थरांमध्ये कुठे चुणी पडलेली असेल, हवेची पोकळी राहिलेली असेल तर तिथून पापुद्रे सुटायला लागतात. टायटनची भिंत ५ इंच जाड होती, एकेक इंचाचे पाच थर वेगवेगळे भाजून एकावर एक चढवलेले, मधल्या चुण्या घासून सपाट केलेल्या, आणि नंतरच्या तपासात त्यात चुण्या आणि पोकळ्या दोन्ही सापडल्या. लोखंड वाकतं, कुरकुरतं, थोडी खूण देतं. हे बाहेरून कोरं करकरीत दिसतं आणि आतून पुस्तकासारखं सुटत असतं.

तर आमच्या पार्टीला एक सायकल हवी होती, ४०० बारपर्यंत न्या, तासभर धरा, खाली आणा, सर्टिफिकेट द्या. आमचे सर म्हणाले, ते मागतायत तेवढं करू. मीही हो म्हणणार होतो, उगाच खोटं कशाला बोलू, शनिवार होता आणि एक सायकल म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत मोकळे. काका म्हणाले, ‘एकदा पोतं उचललं म्हणून हमाल पास होतो का रे?’ ते मॅडमनी ऐकलं आणि त्याच म्हणाल्या की दहा सायकल करू या. तो मोठा मुलगा जरा चिडला, पण गप्प बसला.

नळी आतून पाण्याने भरायची आणि एक बारीक पाइप झाकणातून बाहेर काढून काचेच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडायचा अशी आमची पद्धत. दोन फायदे. एक म्हणजे नळी चेपली तरी आत हवा नसल्यामुळे टाकीत स्फोटासारखा दणका बसत नाही. आणि दुसरं, दाब वाढला की नळी आक्रसते आणि आतलं पाणी पाइपातून काचेत येतं, दाब सोडला की नळी परत फुगते आणि पाणी आत ओढून घेते. नळीचा श्वासच दिसतो म्हणा ना. शिवाय टोपीवर आवाज पकडणारे सेन्सर.

पहिली सायकल. वर जाताना भरपूर टिकटिक, ती पहिल्यांदा होतेच, कच्चे धागे तुटतात. ४०० बारला २१२ मिली पाणी आलं, खाली आणल्यावर २ मिली काचेत उरलं, बाकी सगळं आत गेलं. मुलांनी टाळ्या दिल्या. दुसरी, तिसरी एकदम शांत. हे शांत असणं फार महत्त्वाचं असतं. एकदा ४०० चा भार सोसलेली चांगली वस्तू परत ४०० पर्यंत जाताना आवाज करत नाही, तिला जे बोलायचं ते ती पहिल्या वेळेला बोलून झालेली असते. जुन्या भारापेक्षा कमी भारावर ती बोलायला लागली तर समजायचं की आत काहीतरी सुटलंय.

चौथ्या सायकलला ३१० बारवर आवाज आला. सेन्सरची गरजच पडली नाही, टाकीच्या भिंतीतून आम्हा सगळ्यांना ऐकू आला, कुणीतरी जाड काठी गुडघ्यावर मोडावी तसा. मी पंप थांबवला. मोठा मुलगा लगेच म्हणाला, सेट होतंय, काही नाही, चालू करा. आणि गेज बघा तर काटा जागेवर, गळती नाही, सगळं ठीक. चालू केलं. ४०० झालं, तासभर टिकलं पण. खाली आणलं आणि पाणी परत आत जायला लागलं आणि थांबलं. काचेत ९ मिली उरलं. मॅडम वाकून बघत होत्या, त्यांनी काच हलवून बघितली, जणू हलवल्याने उरलेलं आत जाईल.

माझ्या डोक्यात तेव्हा १५ जुलै २०२२ ची तारीख होती. टायटनची ८० वी डुबकी, वर येताना मोठा धडाका ऐकू आला होता. भिंत किती ताणली-दबली ते मोजणाऱ्या गेजचे आकडे त्यानंतरच्या डुबक्यांमध्ये बदललेले दिसत होते, म्हणजे पाणबुडीने सांगितलं होतं, लिहून सुद्धा दिलं होतं, वाचलं कुणी नाही. नंतरही ती खाली गेली, मग हिवाळाभर न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला उघड्यावर बर्फात पडून राहिली, आणि १८ जून २०२३ ला परत माणसं बसवली. साधारण दीड तासाने संपर्क गेला. जगभर टीव्हीवाले चार दिवस ९६ तासांचा ऑक्सिजन मोजत बसले, आमच्याकडे त्या दिवसांत टीव्हीच कुणी लावला नाही. काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ऑक्सिजन कशाला मोजतात. २२ तारखेला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे ५०० मीटरवर तुकडे सापडले. आत बसलेल्यांना काही कळलं सुद्धा नसणार, मेंदूला दुखणं कळायच्या आधी ते होऊन जातं.

आणि सांगणारे नव्हते असं नाही. टायटनच्या कंपनीने स्वतःच्याच सुरक्षेचं बघणाऱ्या माणसाला २०१८ मध्ये तक्रारी केल्यावर घरी पाठवलं, त्याच वर्षी या धंद्यातल्या जाणकारांनी पत्र लिहिलं की बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्या. घेतलं नाही. आंतरराष्ट्रीय पाण्यात विचारणारं कोण.

पाचव्या सायकलला आवाज २४० बारपासूनच सुरू झाले. बारीक, सलग, मक्याच्या लाह्या फुटतात तसे. मी ग्राफ मुलांसमोर धरला आणि म्हटलं, इथे थांबू, नळी कापून आत बघू, शिकायला मिळेल. मॅडम हो म्हणाल्या. मोठा म्हणाला, ४०० झालं ना पाचव्यांदा पण? झालं होतं. काचेत १७ उरलं होतं.

सहावी सायकल, ३७० बार. दणका नाही, एक जाड ‘धप्प’, पायाखाली जाणवलेला, आणि त्याच क्षणी बारीक पाइपातून पाण्याची पिचकारी छतापर्यंत, मेजरिंग सिलिंडर खाली पडून चक्काचूर, गेजचा काटा धाडकन खाली. काकांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि हात पुसत बसले. तो मोठा मुलगा भिंतीला टेकून उभा होता आणि तोंडातल्या तोंडात सीटा मोजत होता, मला नीट ऐकू आलं, एक, दोन, तीन, चार, पाच.

नळी बाहेर काढली तर मधून उभी फाटलेली, कडेला काळे पापुद्रे कांद्यासारखे. टोप्या एकदम नव्या. त्यांच्यावर ओरखडा नाही.

सोमवारी फोन आला, मुलांचा नाही, त्यांच्या पैसेवाल्याचा. पहिल्या सायकलला तर पास झालं होतं ना, मग तेवढंच लिहून द्या, खोटं कुठे आहे त्यात? सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं देतो, सगळं एकाच रिपोर्टमध्ये देतो. नऊ पानं झाली. पहिल्या पानावर पहिली सायकल, ४०० बार, एक तास, गळती नाही. आणि ते पान कुणी एकटं काढून कुठे दाखवायला नको म्हणून प्रत्येक पानाच्या खाली ठळक छापलं, ९ पैकी १, ९ पैकी २. नवीन मेजरिंग सिलिंडरचे पैसे बिलात लावले.