साठ वावांखालचा रबरी मासा

मालवणच्या खडपावर बसून मी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला शिकलो, तेव्हा तळ तीन-चार वावांवर असे. हातातल्या तंगुसाला बांधलेले शिसे खाली टेकले की तर्जनीला एक बारीक ठोका जाणवे आणि तेथून पुढचे सारे काम त्या बोटावर चाले. नोकरीनिमित्त नॉर्वेत स्टाव्हांगरला राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर गेलो आणि हेनिंग्सव्हेरच्या बाहेर, साठ वावांवर म्हणजे सुमारे ११० मीटर खोल पाण्यात, २०० ग्रॅमचे जिग-हेड (गळ बसवलेले शिशाचे डोके) लावलेला रबरी मासा, म्हणजे माशाच्या आकाराचे मऊ प्लास्टिकचे आमिष, सोडून त्याच ठोक्याची वाट पाहत बसलो. ठोका आला नाही. रिळावरची दोरी मात्र जातच राहिली आणि २०० मीटरची खूण बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आले, की होडी एकीकडे वाहत आहे, रबरी मासा दुसरीकडे लोंबकळत आहे आणि मधल्या दोरीची एक भलीमोठी कमान झाली आहे.

खोल पाण्यात तळाची मासेमारी रबरी आमिषाने करताना खरा प्रश्न आमिषाचा नसतो, या कमानीचा असतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. प्रवाहाचा रेटा शिशावर पडतो तसाच तो दोरीच्या संपूर्ण लांबीवर पडतो; त्यामुळे दोरी जितकी जाड, तितकी कमान मोठी. तंगूस येथे दोन कारणांनी निरुपयोगी ठरतो. एक तर त्याच ताकदीसाठी तो जाड लागतो, आणि दुसरे म्हणजे तो ताणला जातो, त्यामुळे शंभर मीटर खाली माशाने दिलेली ओढ वर येईपर्यंत त्या ताणातच विरून जाते. म्हणून मुख्य दोरी ०.२० ते ०.२५ मिलिमीटरची ब्रेडेड लाईन, म्हणजे धागे विणून केलेली दोरी घ्यावी आणि तिच्या टोकाला दोन-तीन मीटर जाड तंगूस जोडावा, कारण ब्रेड खडकावर घासली की क्षणात तुटते. दर दहा मीटरांना रंग बदलणारी ब्रेड मिळते, तीच घ्यावी. रंग मोजले की खोली कळते आणि इकोसाउंडरवरच्या (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्रावरच्या) आकड्याशी ती ताडून पाहिली की कमान किती पडली आहे हेही कळते.

यावर नवशिका जो पहिला उपाय करतो तोच मीही केला, तो म्हणजे वजन वाढवणे. ५०० ग्रॅमचे शिसे तळाला जाते यात शंका नाही, परंतु त्याच्यामागे लावलेला वीत-सव्वा वीत लांबीचा मऊ मासा मग पोहत नाही, नुसता फरफटत जातो, आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो तो वेगळाच. मऊ प्लास्टिकचे सारे सामर्थ्य त्याच्या शेपटीत असते. अगदी हळू हालचालीतही ती वळवळते आणि त्या वळवळीने पाण्यात उठणारी कंपने माशाला अंधारातही जाणवतात. जड शिशाखाली ती दबली तर लोखंडी पिल्क (धातूचे जड आमिष) आणि रबर यांत फरक तो काय उरला? त्यामुळे वजन वाढवण्याआधी होडीचा वेग कमी करावा. पाण्यात छत्रीसारखा उघडणारा कापडी नांगर सोडला की वाऱ्याने ढकलली जाणारी होडी पुष्कळ संथ होते. दोरी नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने सोडावी, म्हणजे ती होडीच्या बुडाखाली शिरत नाही. होडीचा वेग अर्ध्या नॉटच्या आत असला, तर शंभर मीटरलाही २०० ग्रॅम पुरतात असा माझा अनुभव आहे. तो एक नॉटवर गेला, की दुप्पट वजनही कमी पडू लागते.

वाऱ्यावर उपाय असला तरी भरती-ओहोटीवर नाही, तिथे दिवसच निवडावा लागतो. आमच्याकडे म्हातारे लोक उधाण आणि भांग (मंद भरती-ओहोटीचे दिवस) तिथीवरून सांगत, ते येथेही तंतोतंत लागू पडते, कारण चंद्र काही दुसरा नाही. स्टाव्हांगरच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या मराठी दिनदर्शिकेत अष्टमी पाहून मी उत्तरेकडची सुट्टी ठरवतो, याचे माझ्या नॉर्वेजियन सोबत्याला अजूनही हसू येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खोल पाण्यावर जाण्याचा हट्ट मात्र तोही आता धरत नाही.

तळ लागल्यावर करायचे काम अगदी थोडे आहे. ठोका मिळताच रिळाचे दोन-तीन फेरे घेऊन रबरी मासा मीटरभर उचलावा, रॉड सावकाश वर न्यावा आणि मग दोरी ताठ ठेवूनच तो खाली येऊ द्यावा. बहुतेक मासे खाली येतानाच धरतात, आणि म्हणून ओढ जाणवण्याऐवजी कित्येकदा शिसे वेळेआधीच थांबल्यासारखे वाटते किंवा दोरी अकारण सैल पडते. तो तळ नव्हे, मासा आहे, हे ओळखायला मला दोन उन्हाळे लागले. होडी सरकते तसा तळही बदलतो, म्हणून दर मिनिटाला पुन्हा टेकवून पाहावे. खडकाळ जागी कॉड येतो. १०० मीटरच्या खाली ब्रोस्मे आणि लांब, वामसारखा दिसणारा लांगे. स्टाइनबीट नावाचा दातांचा राक्षस रबरी मासा मधोमध तोडून नेतो, आणि वर येतो तो नुसता डोक्याचा भाग. रेतीच्या उतारावर हॅलिबट असतो. आपल्या लेपाचाच हा थोरला भाऊ, परंतु पुरुषभर उंचीचा. तो पुष्कळदा आमिषामागून वर येत राहतो. म्हणून अधूनमधून दहा-पंधरा मीटर एकसारखी दोरी गुंडाळून पुन्हा खाली सोडणे फायद्याचे ठरते.

रंगांवर येथले लोक तासन् तास वाद घालतात. लाल प्रकाश पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो, तेव्हा शंभर मीटरवर लाल मासा काळाच दिसत असणार. तरीही माझ्या पेटीत लाल-केशरीच अधिक आहेत, ही श्रद्धा समजावी. त्या पेटीबद्दल एक सांगतो. नेहमीचे पीव्हीसीचे मासे आणि टीपीई या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचे मासे एकाच कप्प्यात ठेवू नयेत. मी ठेवले होते. हिवाळ्यानंतर पेटी उघडली, तर आत चिकट, रंगीत लगदा होता.

या मासेमारीतला मला सर्वांत बोचणारा भाग मासा परत सोडण्याचा आहे. १०० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या अकरा पट असतो. घोळ माशाचे जे बोत आपल्याकडे सोन्याच्या भावाने विकले जाते, तोच हवेचा अवयव कॉडलाही असतो, आणि मासा वेगाने वर ओढला की त्यातली हवा फुगून डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर पडते. असा मासा पाण्यात टाकला तरी तो उताणा तरंगत राहतो आणि समुद्रपक्षी त्याचा निकाल लावतात. प्रौढ हॅलिबटला हा अवयवच नसतो, त्यामुळे तो धडधाकट खाली जातो. येथील नियमाप्रमाणे ८४ सेंटिमीटरहून लहान आणि २ मीटरहून मोठा हॅलिबट सोडावाच लागतो, आणि माशाच्या शरीराची रचनाच त्या नियमाला साथ देते. कॉडच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणून खायला पुरेसे मासे मिळाले, की खोल पाण्यातून निघायचे असा आमचा होडीवरचा करार आहे.

गेल्या जूनमध्ये तिसऱ्या कॉडनंतर सोबत्याने घड्याळ पाहिले. रात्रीचे अकरा वाजले होते आणि सूर्य डोंगरावर होता. आम्ही कापडी नांगर ओढून घेतला, २५ मीटरच्या रेताड उतारावर आलो, आणि मी ६० ग्रॅमचे जिग-हेड लावले. पहिल्याच वेळी तर्जनीला ठोका लागला, अगदी खडपावर लागे तसा. पाऊण तासाने एक हॅलिबट आला. होडीच्या कडेला पट्टी लावली, तो ७८ सेंटिमीटर भरला. गळ पाण्यातच सोडवला, आणि शेपटीच्या एका फटक्यात माझी बाही भिजवून तो खाली गेला.